पक्ष्याच्या वर्षी

"प्रश्न एकच विचार," गेशे-ला म्हणाले. "दोन विचारलेस तर मणी गोंधळत नाहीत, विचारणारा गोंधळतो."

यूडोनने मान डोलावली. एल्महर्स्टमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लहानशा खोलीत ती गालिच्यावर गुडघे मोडून बसली होती. समोरच्या बुटक्या टेबलावर तिने आणलेला पांढरा खादा, म्हणजे मान द्यायचं उपरणं, आणि लोण्याचं पाकीट ठेवलेलं होतं.

गेशे-ला ऐंशीच्या घरातले भिक्षू. अमेरिकेतल्या या क्वीन्स भागातल्या तिबेटी माणसाला काही ठरवता येईनासं झालं की तो यांच्याकडे येई. बाळाचं नाव काय ठेवू, ऑपरेशन लोसारच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधी करू की नंतर, असं काहीही. गेशे-ला जपमाळ कपाळाला लावत, मंत्र पुटपुटत, दोन्ही टोकांकडून मणी मोजत मध्ये येत आणि उत्तर सांगत. अशा कौल घेण्याला 'मो' म्हणतात.

"पूर्वी लोक यायचे ते याक हरवला म्हणून," ते म्हणाले. "कुठल्या दिशेला शोधू, विचारायचे. आता येतात ते कागद घेऊन. याक निदान सापडायचे तरी."

यूडोन हसली, मग गंभीर झाली. "माझ्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं आहे, गेशे-ला. दोन वाटा आहेत. एक त्याला इथं मिळालेल्या राजकीय आश्रयाची. दुसरी लग्नाची, कारण मी इथली नागरिक आहे. कुठली धरावी?"

"धरायचीय कुणाला?"

"त्याला."

"मग तो कुठाय?"

"कामावर," यूडोन म्हणाली आणि तिचे कान तापले. आज रविवार होता, तिचा नवरा गोन्पो ज्या हॉटेलात काम करी ते बंद होतं, आणि तो घरी झोपलेला होता. वीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळताना तिने प्रत्येकाला शिकवलं होतं की खोटं बोलू नये. आणि आज ती चक्क लामांसमोर खोटं बोलली होती.

"बरं. काय विचारू? सोपी कुठली, चांगली कुठली, की लवकर पोचणारी कुठली?"

"लवकर पोचणारी. त्याची अमा-ला पक्ष्याच्या वर्षातली आहे."

माळेवरची बोटं थांबली. याहून जास्त सांगायची गरजच नव्हती. तिबेटी वर्षं बारा प्राण्यांची, आणि दर बारा वर्षांनी तोच प्राणी फिरून येतो. माणूस ज्या प्राण्याच्या वर्षी जन्मला, ते वर्ष परत आलं की त्याला जड जातं, असं सगळे मानतात. यंदाचं वर्ष ड्रॅगनचं होतं. गोन्पोची आई ऐंशीची होती आणि तिचं पक्ष्याचं वर्ष तिला पंच्याऐंशीव्याला गाठणार होतं.

गेशे-लांनी डोळे मिटले. बराच वेळ नुसता मण्यांचा आवाज येत राहिला.

"लग्नाची," ते शेवटी म्हणाले. "आता हेच घेऊन दुसऱ्या कुणाकडे जाऊ नकोस. विचारलं की ऐकायचं. ऐकायचं नसेल तर विचारायचंच नाही."

*

या दोन वाटा आदल्या शनिवारी कपलानबाईंनी समजावून सांगितल्या होत्या. कपलानबाई म्हणजे निवृत्त वकील. दर शनिवारी त्या समाजमंदिराच्या तळघरात बसत आणि येईल त्याचे कागद बघत. त्यांनी एका कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढल्या.

"ही पहिली," त्या गोन्पोला म्हणाल्या. "तुम्हाला आश्रय मिळून वर्ष उलटून गेलं. त्या आधारावर तुम्ही आता कार्ड मागू शकता. यात बायकोची सही लागत नाही, पुरावे लागत नाहीत. कार्डावर एक वर्ष मागची तारीख पडते. त्यानंतर साधारण चार वर्षांनी नागरिकत्व."

मग दुसऱ्या रेघेवर बोट. "ही लग्नाची. यूडोन अर्ज करणार. लग्न खरं आहे याचे पुरावे द्यायचे, दोघांनी अधिकाऱ्यासमोर मुलाखतीला बसायचं. लग्नाला अजून दोन वर्षं झाली नाहीत, म्हणून पहिलं कार्ड दोनच वर्षांचं मिळेल आणि मग पुन्हा पुरावे द्यायचे. पण नागरिकत्व तीन वर्षांत. एका वर्षाचा फरक. लेखी खात्री कशाचीच नाही."

यूडोनने मनातल्या मनात बोटं मोजली. पुढच्या वर्षी, सापाच्या वर्षी, कार्ड आलं तर लग्नाच्या वाटेनं माकडाचं वर्ष. आश्रयाच्या वाटेनं पक्ष्याचं. इथला पासपोर्ट हातात आला की व्हिसा मागता येतो, आणि व्हिसा मिळालाच तर तिबेटातल्या अम्दोला, आईच्या अंगणात, जाता येतं.

"पहिली," गोन्पो म्हणाला. पापणी लवायच्या आत म्हणाला.

"थांब की जरा," यूडोन म्हणाली.

"पहिलीच," तो पुन्हा म्हणाला.

तिला तेच लागलं होतं. ज्या वाटेवर बायकोची गरज नाही ती त्याने इतक्या झटकन का निवडली?

*

सोमवारी दुपारी सेंट्रल पार्कमधल्या मुलांच्या मैदानावर नेहमीचे बाक भरले होते. मुलं अमेरिकन आणि सांभाळणाऱ्या बहुतेक तिबेटी. आचा बुटी यांच्यात सगळ्यांत मोठी. ती सगळ्यांची 'आचा', म्हणजे ताई, आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

यूडोन अडीच वर्षांच्या हेझलसमोर उकिडवी बसली होती. हेझल उजवा बूट डाव्या पायात कोंबत होती.

"घाल की तिला," बुटी म्हणाली. "इथंच संध्याकाळ होईल."

"मी घातला तर बूट पायात जाईल, पण तिला घालता येणार नाही." यूडोनने बुटाची आतली बाजू हेझलला दाखवली. "बघ, हा पोटाकडचा भाग. दोन बुटांची पोटं एकमेकांना चिकटली पाहिजेत."

"बरं, तुझ्या घरच्या बुटांचं काय झालं? कुठली वाट?"

यूडोनने सांगितलं. गोन्पोचं 'पहिली' म्हणणंही सांगितलं. सांगायला नको होतं, हे तिला बुटीच्या भुवया वर गेल्या तेव्हाच कळलं.

"बाई गं! त्या छोफेलला तुझी सही हवी होती. याला तर तीही नको."

बाजूच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मग त्यातली एक म्हणाली, "आचा-ला, पुरे की." छोफेल यूडोनचा पहिला नवरा. कायमचं कार्ड मिळालं आणि चार महिन्यांत तो मिनेसोटाला निघून गेला, हे बाकावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"मी तिच्या भल्याचं बोलतेय," बुटी म्हणाली. "ए, राग आला का?"

"नाही आला," यूडोन म्हणाली. हेझलचा बूट पायात गेला होता, बरोबर पायात. ती दोन्ही पाय आपटत हसत होती. यूडोनने टाळ्या वाजवल्या, पण तिचं लक्ष टाळ्यांत नव्हतं.

*

शनिवारी सकाळी गोन्पो धुतलेल्या कपड्यांची पिशवी खांद्यावर घेऊन वर आला, तेव्हा जेवणाचं टेबल कागदांनी भरलं होतं. घराचा भाडेकरार, विजेची बिलं, चार फोटो. यूडोन प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी चिकटवत होती.

"हे काय?"

"पुरावा."

"कसला?"

"आपण नवरा-बायको असल्याचा."

गोन्पोने एक फोटो उचलला. नगरकचेरीच्या पायऱ्यांवरचा, लग्नाच्या दिवशीचा. साक्षीदार म्हणून आलेली बुटी मधोमध उभी होती. तिच्या एका बाजूला गोन्पो, दुसऱ्या बाजूला यूडोन, दोघंही खांबासारखे ताठ.

"यात तर माझं लग्न बुटीशी झालंय."

"म्हणून म्हणते, आज बागेत जाऊन दोघांचा एक धड फोटो काढू. तू माझ्या खांद्यावर हात ठेव."

"लोकांसमोर?"

"फोटो काढण्यापुरता रे."

गोन्पोने पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. हा एक्केचाळीस वर्षांचा माणूस एका जपानी हॉटेलात दिवसभर मासे कापायचा. बोलणं कमी, तेही अम्दोच्या खडबडीत बोलीत. यूडोन वाढली गोंदियाजवळच्या तिबेटी वसाहतीत. तिथं मोठ्या माणसाच्या नावापुढे मानाचं 'ला' लावल्याशिवाय जेवण मिळत नसे. हा आईलासुद्धा नुसतं 'अमा' म्हणायचा. सुरुवातीला तिने विचारलंही होतं, "तुमच्या अम्दोत 'ला' लावायला कर भरावा लागतो का?"

"मी कपलानबाईंना सांगितलंय ना," तो म्हणाला. "पहिली वाट."

"मी गेशे-लांना विचारलं. लग्नाची आली."

गोन्पोने हातातला फोटो टेबलावर ठेवला. मो आल्यावर लगेच काही बोलायचं नसतं, हे अम्दोतही शिकवतात.

"काय विचारलंस?" त्याने मग विचारलं.

"लवकर कुठली पोचेल."

"एवढंच? ते तर कपलानबाईंनी रेघ ओढून सांगितलं होतं. लोणी फुकट गेलं की गं."

"थट्टा करू नकोस, गोन्पो. मो झालीय." आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं, अगदी बुटीच्या आवाजात. "माझी सही का नको तुला?"

गोन्पो उठला. कपाटाच्या तळातून, हिवाळ्यातल्या रजयांच्या खालून, त्याने एक जाड हिरवा अल्बम काढला आणि टेबलावर ठेवला. यूडोनने तो लगेच ओळखला.

"गेल्या हिवाळ्यात इस्त्री शोधताना सापडला," तो म्हणाला.

तिने तो उघडला नाही. उघडायची गरज नव्हती. नायगाऱ्याचा धबधबा, समुद्रकिनारा, बर्फातला बाहुला, आणि सगळीकडे ती आणि छोफेल. प्रत्येक फोटोखाली तिच्या हातची तारीख, मुलांसाठी लिहावी तशी गोल अक्षरांत. तेव्हाच्या वकिलाने तसं करायला सांगितलं होतं. मुलाखतीत त्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, भिंतीकडच्या बाजूला कोण झोपतं, नवऱ्याचा दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा आहे. तिने सगळं बरोबर सांगितलं होतं.

"त्यात तू हसतेस," गोन्पो म्हणाला. "प्रत्येक फोटोत."

"मी तेव्हा खरंच खूश होते." तिचा आवाज चढला नाही. "पुरावा खोटा नव्हता. माझ्या बाजूनं तरी."

"माहितीय. म्हणूनच तर. लग्नाच्या वाटेनं गेलो तर ते तुझी जुनी फाईल काढतील. तुला परत त्या खुर्चीत बसवतील आणि विचारतील, याच्या आधीचा कोण होता, तो का गेला, तुला कळलं कसं नाही. आणि मी शेजारी बसून ऐकू? कपलानबाई नुसतं 'मुलाखत' म्हणाल्या आणि तू दोन्ही हात मांडीखाली घातलेस."

आपण हात मांडीखाली घातले होते हे यूडोनला माहीतच नव्हतं.

"आणि सगळं काही तुझ्यासाठी नाही. उगाच फुगू नकोस," तो म्हणाला. त्याने पिशवीतून टॉवेल काढला आणि घडी घालायला घेतला. "तिकडे खिशात आपल्या धर्मगुरूंचा एक फोटो सापडला म्हणून चिनी पोलिसांनी मला दोन वर्षं कोंडलं. ते सगळं मी इथं एका खोलीत बसून तीन तास सांगितलं. दुभाषा रडला, मी नाही रडलो. इथल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि लिहून दिलं, हा माणूस खरं बोलतोय. कार्ड मिळायचं तर त्यावर मिळू दे. माझं खरं बाजूला सारून मी तुझ्या सहीवर कशाला घेऊ?"

यूडोनने एक पिवळी चिठ्ठी बोटांत गुंडाळली. आठवडाभर ती एकच गोष्ट मनात घोळवत होती आणि ती गोष्ट तशी नव्हतीच. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

"आणि अमा-लाचं वर्ष?"

टॉवेलची घडी झाली होती. गोन्पोने ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"त्याचं मला काही सुचत नाही," तो म्हणाला.

"मग तू एकट्यानं ठरवू नकोस. मी पण ठरवणार नाही. वर्ष तिचं आहे, तिला विचार."

"फोनवर? तिकडे कोण ऐकत असेल ते..."

"कागद, कार्ड, असलं काही बोलायचंच नाही. वाटा म्हण, वर्षं म्हण. त्याला कोण अडवतंय?"

"आणि मो? गेशे-लांना काय सांगशील?"

"सांगेन, प्रश्न माझा चुकला. आणखी एक खोटंही कबूल करायचंय त्यांच्यापाशी. तू त्या दिवशी कामावर नव्हतास."

*

रविवारी सकाळी सहाला त्यांनी फोन लावला. इथं उजाडायचं होतं आणि तिकडे दिवस कलला होता. ऑक्टोबर संपत आला होता. पडद्यावर आधी अंधार दिसला, मग एक सुरकुतलेलं कपाळ आणि अर्धा कान.

"अमा, फोन लांब धर. नुसतं कपाळ दिसतंय."

"त्सोमो, हा बघ काय म्हणतोय." फोन हलला, कुणीतरी तो हातातून घेतला आणि घमेल्याला टेकवून उभा केला. आता म्हातारी पूर्ण दिसली, अंगणात एका पोत्यावर बसलेली, काठी मांडीवर. पाठीमागे मातीची भिंत होती. तिच्यावर थापलेल्या शेणाच्या गोवऱ्या खालपासून वरपर्यंत रांगांनी चिकटलेल्या होत्या. गोन्पोची थोरली बहीण त्सोमो मागे येऊन-जाऊन दिसत होती.

आधी नेहमीचं बोलणं झालं. थंडी किती, गाय व्याली का, शेजारच्या म्हाताऱ्याचा खोकला. गोन्पो प्रत्येक गोष्ट नीट विचारत होता. यूडोन पडद्याच्या बाहेर, गॅसपाशी उभी राहून ऐकत होती.

"अमा," तो म्हणाला, "घरी यायच्या दोन वाटा आहेत. एक जवळची, माकडाच्या वर्षी पोचते. एक लांबची आहे, ती पक्ष्याच्या वर्षी."

मागे त्सोमोच्या हातातली बादली थांबली. "पक्ष्याच्या?" ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

म्हातारीने काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "जवळचीला काय झालंय?"

"तिच्यावर माझं ओझं यूडोनला उचलावं लागतं."

"आणि लांबचीवर?"

"मी उचलतो."

"मग मला कशाला विचारतोस?"

"वर्ष तुझं आहे, अमा."

"माझंच आहे. मला माहीत नाही होय?" तिने बोटं उघडली. "एकसष्टाव्याला तुझा बाप गेला. त्र्याहत्तराव्याला तू गेलास. दर खेपेला ते वर्ष येतं आणि घरातून कुणाला तरी घेऊन जातं." तिने बोटं परत मिटली. "पंच्याऐंशीव्याला तू ये. एकदा तरी त्या वर्षाला काहीतरी आणून देऊ दे."

गोन्पोने मान वळवून यूडोनकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

"तुझी बायको आहे का तिथं?" म्हातारीने विचारलं.

यूडोन पुढे आली, गोन्पोच्या खांद्यावरून वाकली. "ताशी देलेक, अमा-ला."

"अगो बाई, वाळलीय किती! गोन्पो, दिवसभर लोकांना मासे कापून घालतोस आणि हिला उपाशी ठेवतोस काय रे?"

"ही दुसऱ्यांच्या पोरांना भरवते आणि स्वतः विसरते, अमा."

"मग आठवण करून दे. तेवढ्यासाठी नवरा असतो." ती हसली, तेव्हा तिचे उरलेले दोन दात दिसले. मग तिने आकाशाकडे पाहिलं. "त्सोमो, बर्फ येणार. गोवऱ्या आत घ्यायला हव्यात."

"मी काढते, अमा. तू बस तिथंच."

"तू निम्म्या मोडतेस."

काठी टेकत ती उठली. फोन बंद करायचं तिच्या लक्षातच आलं नाही, किंवा तो बंद करतात कसा हे तिला माहीत नसावं. ती पडद्याच्या कडेला गेली आणि दिसेनाशी झाली. समोर राहिली ती भिंत आणि भिंतीवरचा कलता उजेड.

थोड्या वेळाने कडेकडून एक हात आत आला. काळा, हाडकुळा, अजिबात न थरथरणारा. त्याने एक गोवरी खालून हलकेच सोडवली आणि नेली. तिच्या जागी भिंतीवर एक फिकट गोल उरला. मग दुसरी गोवरी, मग तिसरी. मधूनच त्सोमोचं रागावणं आणि काठीचा आवाज ऐकू येई. पहिले बर्फाचे कण पडद्यावरून तिरके गेले.

चहा उकळून वर आला तेव्हा यूडोनने मागे जाऊन गॅस बारीक केला आणि ती गोन्पोच्या शेजारी येऊन बसली. हात येत होता, जात होता. खालच्या दोन रांगा संपल्या होत्या, आणि वरच्या रांगेसाठी आता तो टाचा उंचावल्यासारखा जरा थांबून, मग पोचत होता.